मंगळवारच्या फ्लाइटआधी एक तळं

दुबईजवळ गोडं पाणी कुठं आहे आणि तिथं गळ टाकून बसू देतात का, एवढं एकच बदरुद्दीनला जायच्या आधी शोधून काढायचं होतं. बाकी सगळी आवराआवर झाली होती. अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या वर्कशॉपमधली पस्तीस वर्षांची वेल्डिंगची नोकरी खलास, व्हिसा कॅन्सल, मंगळवारचं मुंबईचं तिकीट हातात. शेवटचे दहा दिवस म्हणून तो दुबईत अल कुसैसला मुलाकडे, ओवेसकडे राहायला आला, आणि तिथं नातीकडे बघता बघता त्याच्या डोक्यात हे खूळ शिरलं.

नात दुआ, नऊ वर्षांची. गुणी पोर, पण बोलणार फाडफाड इंग्लिश. हा विचारणार मराठीत, ती 'ओके दादा' म्हणून (आजोबाला ती दादाच म्हणे) पुन्हा टॅबमध्ये डोकं घालणार. आपण गेल्यावर हिला आपलं काय आठवणार? एअरपोर्टवर बॅगांची ट्रॉली ढकलणारा म्हातारा? या विचारानं त्याला रात्रीची झोप लागेना. महाडजवळ सावित्रीच्या काठावर वाढलेला माणूस तो. नातीला द्यायला त्याच्याजवळ लोखंड जोडायची कला होती आणि मासा धरायची. पहिली तिच्या काय कामाची? तेव्हा एकदा, फक्त एकदा तिला पाण्याकाठी शेजारी घेऊन बसायचं आणि तिच्या हातानं एक मासा काढायचा, असं त्यानं ठरवून टाकलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा समुद्र पायाशी असताना तळी कसली हुडकायची? अहो, खाऱ्या पाण्याला तो मोजतच नसे! त्यावरून तर त्याचं बायकोशी लग्नापासून वाजत आलेलं. सुरैय्या रत्नागिरीची, बंदरावरची. नदीच्या माशाला चिखलाचा वास येतो म्हणून ती नाक मुरडायची, आणि हा म्हणायचा, तुमच्या माशाला मिठाशिवाय दुसरी चव आहे का? तिनं गावाहून फोनवर त्याची फिरकी घेतलीच.

"अहो, नदी इथं दाराशी वाहतेय. मंगळवारी येतच आहात, आणि त्या वाळूत काय खणत बसलाय?"

"दुआ येते का दाराशी? येते ती जुलैत, दोन आठवडे. तेव्हा नदीला पूर. पोरांना उंबऱ्याबाहेर तरी सोडतेस का तू?"



शोध सुरू झाला. वाळवंटातल्या एका मोठ्या तळ्यावर गेले, तर बदकंच बदकं आणि काठावर पाटी, मासेमारीला मनाई. डोंगरातल्या धरणावर गेले, तिथं होडीत बसा, फोटो काढा, पण गळ? नो सर. ओवेस मुकाट्यानं गाडी चालवत होता. तो दुबई मरीनातल्या एका ऑफिसात शिपमेंटचं बघतो, मुळात मोजकं बोलणारा. बापाशी तर फारच मोजकं. जेवलात का, गोळी घेतली का, एवढंच. त्याला माशांची आवड नाही हे बदरुद्दीननं फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं. म्हणून पोरगा दोन दोन तास गाडी हाकतोय, याचं त्याला नवलच वाटत होतं.

शेवटी जुनं काम कामाला आलं. अल ऐनच्या रस्त्यावरच्या एका खजुराच्या बागेचं फाटक बदरुद्दीननं स्वतः वेल्ड केलेलं होतं. बागेला पाणी द्यायला तिथं एक तळं होतं, आणि शेवाळ खायला त्यात तिलापी मासे सोडलेले. बागेचा राखणदार हैदराबादचा फिरदोस. त्यानं मालकाला विचारून कळवलं, "आ जाओ चाचा, शनिवार को. इन्शाल्ला मछली भी मिलेगी."

शनिवारी सकाळी तिघं तिथं पोचले. छान थंडी होती. बदरुद्दीननं वर्कशॉपमधली ॲल्युमिनियमची बारीक नळी घासून काठी केली होती. चारा म्हणून खुबूस, म्हणजे इथली रोटी, पाण्यात भिजवून, चिमूटभर हळद घालून मळला, त्याची गोळी गळाला लावली आणि काठी दुआच्या हातात दिली.

"आता बोलायचं नाही हां. मासा ऐकतो."

दुआ हसली, बसली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. दोरीला बांधलेला थर्माकोलचा तुकडा पाण्यावर ढिम्म. "दादा, इट्स बोअरिंग," ती कुजबुजली. तेवढ्यात मागं उभ्या असलेल्या ओवेसनं तिला खांद्याला धरून थोडं बाजूला सरकवलं.

"इकडे बस. तुझी सावली पाण्यावर पडतेय."

बदरुद्दीननं वळून पाहिलं. बरोबर होतं, पण याला कुणी सांगितलं हे?

अर्धा तास गेला. माशांचा पत्ता नाही. फिरदोसनं लांबून हाक मारली, की शेळीला पिल्लं झालीयत, बघायची का? दुआ टुणकन उठली, काठी बापाच्या हातात कोंबली आणि पळाली. झालं! बदरुद्दीनचा चेहरा एवढासा झाला. सगळी खटपट शेळीनं नेली.

आणि नेमका तेव्हाच थर्माकोल बुडाला.

"अब्बा!" ओवेस ओरडला. अडतीस वर्षांचा माणूस, पण आवाज थेट लहान पोराचा. "अब्बा, लागला! काय करू?"

"ढिली सोड! आता ओढ! अरे हळू, हळू!" बदरुद्दीन धावला आणि त्यानं मुलाच्या हातांवर आपले हात घट्ट धरले. दोघांनी मिळून मासा वर काढला. वीतभर तिलापी, चंदेरी, तडफडणारी. ओवेसनं गळ सोडवला, खाली बसला आणि मासा पुन्हा पाण्याजवळ नेला.

"अरे, काय करतोस?"

"पहिला ना हा? पहिला पाण्याचा. तो सोडायचा." त्यानं ओंजळ उघडली. मासा गेला.

ही रीत बदरुद्दीनच्या गावची. पण ती आपण ओवेसला कधी सांगितल्याचं त्याला आठवेना.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच." ओवेस पाण्याकडे बघत होता. "कॅसेटमध्ये. तुम्ही इथून आवाज भरून कॅसेटी पाठवायचात ना, त्यातली एक माझ्या एकट्यासाठी होती. मी आठ वर्षांचा होतो. कणकेत हळद घाल, सावली पडू देऊ नको, पहिला मासा सोड. मला पाठ आहे. शेवटी तुम्ही म्हणालात, पण एकटा जाऊ नकोस हां, मी आलो की आपण दोघं जाऊ."

बदरुद्दीनला सगळ्या सुट्ट्या आठवल्या. एक सुट्टी बहिणीच्या लग्नात गेली, एक घराच्या स्लॅबमध्ये, एक आईच्या आजारपणात. दोन वर्षांनी एकदा यायचं, आणि घर पाहुण्यांनी भरलेलं.

"मग तू गेलाच नाहीस? सगळी पोरं जायची की रे डोहावर."

"नाही गेलो. तुम्ही येणार होता ना."

बदरुद्दीन मुलाशेजारी बसला आणि त्यानं त्याचा ओला हात हातात घेतला. आवड नाही म्हणे पोराला! "माझं चुकलं रे," तो म्हणाला. "माझं फार चुकलं बाळा." मुलाला बाळा म्हणून त्याला कित्येक वर्षं झाली होती. ओवेसनं मान हलवली, पण त्याचा हात बापाच्या हातात तसाच राहिला.

तेवढ्यात दुआ धावत आली. कुणीतरी मासा धरल्याचं तिला लांबूनच कळलं होतं. "दादा! इट्स माय टर्न! गिव्ह मी!"

बदरुद्दीननं डोळे पुसले, खुबूसची नवी गोळी वळून गळाला लावली, आणि काठी ओवेसच्या हातात दिली.

"तुझा नंबर येईल गो," तो नातीला म्हणाला. "तुझा बाबा तीस वर्षं लायनीत उभा आहे. आधी त्याला बसू दे."