गोणपाटातली बोर्दो

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही तिघी जव्हारला थंडी बघायला गेलो होतो. मीरा-भाईंदरमध्ये थंडी येते ती पंखा एक नंबरवर आणण्यापुरती, त्यामुळे बघायची असेल तर गाडी काढावी लागते. गाडी उत्तन गावात राहणाऱ्या मैत्रिणीची होती आणि चालवतही तीच होती. जानेवारीत तिचं लग्न होतं. मागे पूनम सागर सोसायटीतली गुजराती मैत्रीण, ठेपल्यांचा डबा मांडीवर घेऊन. मी पुढे. पुढे बसणाऱ्याने बोलत राहायचं असतं, म्हणून मला ती सीट आवडत नाही.

परतताना घोडबंदरच्या पुलाअलीकडे गाड्या तुंबल्या होत्या. तिथे उत्तनची म्हणाली, "आता सरळ माझ्या घरी. डॅडी आज बोर्दोच्या दोन बाटल्या उघडतायत. तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी पण?" मागून आवाज आला. "जैन आहे मी, बाई."

"तू नुसता वास घे. त्यांना वासाचीच गरज आहे."

मग तिने सगळं सांगितलं. तिचे वडील जहाजावर अधिकाऱ्यांच्या जेवणघरात वाढणारे स्टुअर्ड होते. मुलगी झाल्याची बातमी कळली तेव्हा जहाज फ्रान्समध्ये बोर्दोच्या बंदरात होतं, आणि कप्तानाने त्यांना तिथल्या चांगल्यातल्या वाईनच्या सहा बाटल्या भेट दिल्या. ठेवायची वाईन आहे, घाई करू नकोस, असं बजावून. काकांनी ठरवलं, ही पोरीच्या लग्नात. तेव्हापासून बाटल्या पलंगाखाली गोणपाटात आडव्या पडल्या आहेत. दर उन्हाळ्यात काका त्या गोणपाटावर पाणी शिंपडतात, मासळी थंड ठेवायला शिंपडतात तसं.

"आणि आता त्यांना कळत नाहीये की ती चांगली राहिली की गेली," ती म्हणाली. कोविडनंतर काकांना वास येणं बंद झालं ते परत सुरूच झालं नव्हतं. बोंबील तव्यावर जळाला तरी समजत नाही म्हणे. दोन बाटल्या उघडायच्या, बऱ्या निघाल्या तर उरलेल्या चार लग्नात मुख्य टेबलावर. नाहीतर तिच्या आईची, म्हणजे आंटींची, घरची मनुक्याची वाईन आहेच.

मी फोनवर वाचत होते. अशी वाईन उष्णतेने काही वर्षांत बिघडते, असं लिहिलं होतं. मी वर बघितलं. ती म्हणाली, "वाचलंय मी. त्यांना सांगू नकोस." आणि घराच्या फाटकाशी गाडी लावताना, "काहीही लागलं तरी मस्त आहे म्हण. प्लीज."

काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. हातावर नॅपकीन. पहिल्या बाटलीचं बूच निघताना तुटलं, चुरा आत पडला. त्यांनी तो मलमलीच्या फडक्यातून गाळला आणि मला ग्लास दिला. का मलाच, ते कळलं नाही. बहुधा मी सगळ्यात कमी बोलते म्हणून.

वाईन काळी-लाल असेल असं मला वाटलं होतं. ही विटकरी होती, कडेला तपकिरी. मी प्यायले. आंबट, आणि मागून काहीतरी उकडल्यासारखं. पण जुनी वाईन अशीच लागत असेल तर? मी फोनवर चामडं, तंबाखू, जंगलातली ओली माती असले शब्द वाचले होते. सकाळीच जव्हारच्या जंगलात उभी होते मी, पण तिथे नाकाला फक्त गारठा लागला होता.

"मला तर खजूर-चिंचेच्या चटणीचा वास येतोय," गुजराती मैत्रीण ग्लासात नाक घालून म्हणाली. "शेव टाका वरून."

आंटींनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आंबट हाय. दोन चमचे साखर घाल."

"साखर काय घालते! ही तुझी मनुक्याची न्हाय," काका म्हणाले. ते हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. "बोल, पोरी."

टेबलापलीकडून उत्तनची मैत्रीण डोळ्यांनी सांगत होती, बोल ना. मी म्हणाले, "काका, ती कशी लागायला हवी? तुम्हाला आठवतं?"

त्यांनी नॅपकिनची घडी उलगडली, परत घातली. "मी कधी प्यायलोच न्हाय. फक्त ओतलीय."

तो हातावर टाकला. मग म्हणाले, "पण तोंडं बघितलीत मी. चांगली असली की ऑफिसर लोक गप्प व्हायचे. खराब असली की लगेच बोलायला लागायचे. तुझ्या तोंडावर काहीच दिसत न्हाय."

तोंडावर काही दिसू द्यायचं नाही हे मी शाळेपासून इतकं नीट जमवलंय की आता नको असतानाही तसंच होतं. वर्गात मराठीतून बोललं की दंड असायचा, आणि इंग्रजीतून माझी चूक व्हायची. मग गप्प राहायचं आणि चेहराही गप्प ठेवायचा.

काकांनी दुसरी बाटली उघडली. हिचं बूच अख्खं निघालं. मी घोट घेतला. ही पण आंबटच होती, पण तो आंबटपणा लगेच गेला आणि जिभेवर काहीतरी थांबलं, सुकलेल्या जांभळासारखं, किंवा जुन्या लाकडी पेटीसारखं. ते नेमकं काय हे बघायला मी परत प्यायले. मग परत. काय वाटत होतं ते सांगता येत नव्हतं. आवडत होती की नुसती उत्सुकता होती, तेही.

"मस्त आहे!" मैत्रीण घाईने म्हणाली. तिने अजून ग्लास उचललासुद्धा नव्हता.

काकांनी तिच्याकडे बघितलंच नाही. मी म्हणाले, "काका, मला खरंच कळत नाहीये. पहिली परत प्यावीशी वाटली नाही. ही वाटतेय. एवढंच."

मैत्रिणीने डोळे मिटले. मला वाटलं, संपलं, मी सगळं घालवलं. पण काका खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी स्वतःला त्या दुसऱ्या बाटलीतली थोडी ओतून घेतली. बराच वेळ तोंडात धरली.

"कसं लागतं?" आंटींनी विचारलं.

"पाणी," ते म्हणाले. "जरा खरखरीत पाणी." पण ग्लास संपवला. मग माझ्याकडे वळले. "म्हणजे एक गेलीय, एक हाय. उरलेल्या चारांचं उघडल्याशिवाय कळायचं न्हाय. लग्नात टेबलावर चारी उघडू. तू आधी चाख. तुला परत प्यावीशी वाटली तर मी ओततो, न्हाय तर आंटीची."

"सगळ्यांसमोर?"

"जहाजावर पण आधी एकच माणूस चाखायचा. सगळ्यांसमोरच."

त्या लग्नाची पत्रिका आमच्या घरीही आली होती. माझे आई-बाबा येणार होते, आणि मी सरबताशिवाय काही घेते हे त्यांना माहीत नव्हतं. वर व्याह्यांकडची वसईची माणसं, माझ्या हातातल्या ग्लासाकडे बघत. नाही म्हणायला इतकी कारणं होती की मला त्यातलं एकही निवडता आलं नाही.

"चालेल," मी म्हणाले.

उत्तनची मैत्रीण आम्हाला स्टॉपपर्यंत सोडायला आली. ती रागावलीय की सुटल्यासारखं वाटतंय तिला, मला ओळखता येईना. "तू हो का म्हणालीस?" तिने विचारलं. "तुला तर वर्गात उभं राहायला सांगितलं तरी घाम फुटायचा."

बस आली, आणि काकांना सांगितलं होतं तेच मी तिलाही सांगितलं: मला खरंच कळत नाहीये.