दुपट्ट्यातलं बी

काकाजींच्या खांद्यावरचा दुपट्टा बारा महिने ओला असे. अकोल्यात मे महिन्यात ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून हिंडणाऱ्या माणसाकडे कोणी वळून बघत नाही, डिसेंबरात बघतात. दुपट्ट्याच्या एका टोकाला गाठ असे आणि गाठीत कशाचं तरी बी असे. तुरीचं, सोयाबीनचं, कारल्याचं, नाहीतर कोणीतरी खाऊन टाकलेल्या खरबुजाचं. विहारात, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, काकाजी जिथे बसत तिथे त्यांच्या अंगाच्या उबेवर काहीतरी उगवत असे. कॉलनीतली मुलं त्यांना कोंबकाकाजी म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि पदवी मिळावी तसं त्यांनी ते स्वीकारलं होतं.

ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. नोकरीचा बराचसा काळ परतवाड्याच्या बसस्थानकात, जाळीच्या खिडकीमागे, माइकसमोर गेला. ‘मूर्तिजापूरला जाणारी गाडी थोड्याच वेळात फलाटावर लागत आहे’ हे वाक्य त्यांनी अगणित वेळा उच्चारलं. गाडी त्या मानाने क्वचित लागली. निवृत्तीनंतर अकोल्याला घर बांधून ते आले, तेव्हा उच्चारलेल्या आणि छापलेल्या शब्दावर त्यांचा विश्वास उरलेला नव्हता. “म्या सोता तोंडानं हजारो गाड्या पेरल्या,” ते सांगत. “उगवल्या किती? म्हणून म्हणतो, सांगू नका काही. उगवून दाखवा.”

मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होतो आणि एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत काम करत होतो. दर जूनमध्ये बियाणं न उगवल्याच्या तक्रारी आमच्याकडे येत आणि आम्ही त्या छापत असू. काकाजी माझी बातमी वाचून पेपर घडी करत आणि तोच पेपर भिजवून त्यावर बी पसरत. माझ्या लेखनाचा इतका थेट उपयोग दुसऱ्या कोणी केला नाही.

पेरणीच्या तोंडावर बाळापूर, मूर्तिजापूरकडचे ओळखीचे लोक मूठमूठ बी घेऊन त्यांच्याकडे येत. आलेला माणूस चप्पल काढता काढताच बियाण्याचं नाव सांगू लागे. काकाजी हात वर करून त्याला थांबवत, जणू गाडीच थांबवत आहेत.

“नाव सांगू नको भाऊ. उगवल्यावर इचारीन.”

“अहो, पण कंपनी तं आयका.”

“कंपनी तं बिल्कुल सांगू नको. नाव आयकलं का माणूस लाड कराले लागते.”

हा त्यांचा मुख्य नियम. अनाम बी ओल्या कापडात समान वागणुकीने ठेवलं जाई. पिशवीवर काय छापलं आहे, दुकानदार काय म्हणाला, माणूस कोणाचा कोण लागतो, यातलं काही कापडापर्यंत पोहोचत नसे. निम्म्याहून कमी उगवलं तर ते बी आणणाऱ्याला सांगत, “याची भाजी कर.” मग नाव विचारत. नाव बहुधा मोठं निघे.

दुसरा नियम पाण्याचा. लोक बी बुडवून ठेवतात आणि ते कुजलं की कंपनीला शिव्या देतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. “बियाले तहान हाय, त्याले आंघोळ नोको,” ते म्हणत. दुपट्टा भिजवायचा, मग एक थेंबही पडेनासा होईपर्यंत पिळायचा, आणि मग त्यात बी. पिळलेल्या दुपट्ट्याला हवा असते. बी श्वास घेतं. बुडालेल्या बियाचं बुडालेल्या माणसासारखं होतं. हे समजावताना ते समोरच्याच्या हातात दुपट्टा देत आणि पिळायला लावत. मग स्वतः पुन्हा पिळून दाखवत. थेंब पडे. समोरचा ओशाळे.

तिसरा नियम उबेचा. उन्हाळ्यात गाठोडी कूलरच्या मागे माठाच्या आडोशाला जात आणि थंडीत सेटटॉप बॉक्सवर. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत टीव्ही बंद करता येत नसे. काकू बातम्या, मालिका, पुन्हा बातम्या असं बळजबरीने बघत आणि बोलत. “बाप्पा बाप्पा, बायकोले गुडघ्याले शेकाले गरम पाणी नाही, अन् बियाले टीव्ही लावून देते हा माणूस.”

“तू उगवलेली हायस,” काकाजी शांतपणे म्हणत. “तुले काय गरज?”

चौथा नियम होता: घडी घडी उघडून पाहायचं नाही. हा ते इतरांना इतक्या कडकपणे सांगत की त्यांच्याशिवाय कोणी तो मोडत नसे. ते स्वतः तासातासाला गाठोडी उघडत. काकूंनी हटकलं की म्हणत, “म्या पाहून नाही रायलो. हवा देऊन रायलो.”

आणि उगवलेलं मारायचं नाही, हा नियम नव्हता, स्वभाव होता. दर पौर्णिमेला ते विहारात जाऊन पंचशील घेत आणि जीव न घेण्याचं पहिलं शील त्यांनी कोंबांपर्यंत नेलं होतं. चाचणी संपली की लोक कोंब फेकून देतात. काकाजी ते दह्याच्या डब्यात लावत. गच्चीवर तुरी, भेंड्या, टरबुजाचे वेल आणि कोणालाही नको असलेल्या सोयाबीनची झाडं अशी एक वसाहत होती. नशा न करण्याच्या पाचव्या शिलाच्या बाबतीत तर प्रश्नच नव्हता. तंबाखू नाही, सुपारी नाही, नातेवाइकांच्या लग्नात वरातीमागच्या, बाटल्या ठेवलेल्या जीपजवळही ते उभे राहत नसत.

पुण्याच्या मुलाने, अमोलने, पाकीट आणलं ते याच घरात. काकाजींचं कोलेस्टेरॉल वाढलं होतं आणि पुण्यात कोशिंबिरीवर एक बी भुरभुरून खाण्याची पद्धत आली होती. राखाडी-तपकिरी, बाजरीपेक्षा मोठं, सालीसकट गोल बी. पाकिटावर इंग्रजीत बरंच काही होतं. अमोल नाव सांगणार तोच हात वर झाला.

“बाबा, हे खायचं आहे. पेरायचं नाही.”

“जे उगवत नाही थे खाऊन काय कराचं? मेलेलं खाऊ काय म्या?”

अमोल पुण्याला गेला. पाकीट दुपट्ट्याकडे गेलं.

पहिल्या खेपेला चिमूटभर बियांतली दोन-तीनच फुटली. दुसऱ्या कोणी ‘खायचं बी आहे, भाजून वाळवलं असेल’ म्हणून सोडून दिलं असतं. काकाजींनी हे मनावर घेतलं. खाण्याचं म्हणून विकलेल्या बियाकडून उगवण्याची अपेक्षा करणारा आणि ती पूर्ण न झाल्याने अपमानित होणारा माणूस मी तेवढाच एक पाहिला. त्यांनी बी पुन्हा निवडलं. फिकट, हिरवट, चिरलेलं बाजूला काढलं. गडद आणि टणक होतं ते, दुसरा नियम एका रात्रीपुरता मोडून, कोमट पाण्याच्या पेल्यात ठेवलं. तरंगणारी बोटाने दाबली. खाली गेली ती ठेवली. मग पिळलेला दुपट्टा, मग सेटटॉप बॉक्स. काकूंना एक मालिका दोनदा बघावी लागली.

या वेळी जवळजवळ सगळी फुटली. पांढऱ्या मुळ्या इतक्या सरळ होत्या की काकाजींनी मला फोन करून ऑफिसातून बोलावून घेतलं. कोंब टोकाने खाली, बोटाच्या पेराइतके खोल, भुसभुशीत मातीत लावले गेले. गच्चीवरच्या डब्यांत एक नवी रांग वाढली. काही आठवड्यांत तिला हाताची बोटं पसरावीत तशी कातरलेली पानं आली. मला ती झेंडूसारखी वाटली. गांजाच्या जप्तीच्या बातम्या मी अनेकदा लिहिल्या होत्या, पण जप्तीच्या फोटोत पोलीस दिसतात, पानं दिसत नाहीत.

“नाव काय म्हणे याचं?” मी विचारलं.

“अमोलले इचारतो आता. उगवलं नं.” पण अमोलने फोन उचलला नाही आणि मग दुसरीच घाई सुरू झाली.

मुलगी सुजाता आयर्लंडमध्ये नर्स होती. तिला दिवस गेले होते, जावयाची नोकरी फिरतीची, सासू हयात नव्हती. काकू-काकाजींनी तिथे असणं हा त्या घरातला एकमेव विषय झाला. पासपोर्टसाठी अर्ज गेले. व्हिसा त्यापुढे होता. काकू रोज बोटं मोडत म्हणत, “पोरगी एकटी हाय तिकडं. हा कागद कधी येते?” घरात सगळं पासपोर्टपाशी येऊन थांबलं होतं, आणि पासपोर्ट पोलीस पडताळणीपाशी.

पडताळणीला ठाण्यातून एक हवालदार आले. मूळचे बाळापूरकडचे, घरची शेती असलेले. शेजारी म्हणून सही द्यायला मी बसलो होतो. गुन्हा दाखल आहे का, नाही. कोर्टात काही आहे का, नाही. व्यसन विचारण्याची पद्धत नाही, तरी काकाजींनी आपणहून सांगितलं: “सुपारी बी खात नाही.” हवालदारांनी कागद मिटता मिटता शेतकऱ्याच्या उत्सुकतेने विचारलं, “बियाचं पाहून देता म्हणे तुमी?” एवढं पुरे होतं. काकाजी त्यांना गच्चीवर घेऊन गेले. थांबवायचं कारण आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

हवालदार तुरीपाशी थांबले, भेंडीपाशी थांबले, आणि नव्या रांगेपाशी थांबले ते थांबलेच.

“काकाजी, हे काय हाय?”

“नाव नाही माहीत अजून. पण उगवण पाहा! पहिल्यांदा देत नव्हतं. म्या म्हटलं, तू बी पाहा अन् म्या बी पाह्यतो.”

हवालदारांनी एक पान चोळून हुंगलं. मग माझ्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे.

“हा गांजा हाय काकाजी.”

पाकीट मागवलं गेलं. काकूंनी ते स्वयंपाकघरातून आणलं. त्याच्या तोंडाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला होता. हवालदारांनी चष्मा लावून वाचलं आणि कायदा समजावला. “बी खाल्लं तं चालते. दुकानात इकलं तं चालते. उगवलं तं जेल हाय.”

न उगवणाऱ्या बियाबद्दल कोणाला शिक्षा होत नाही, हे काकाजींनी आयुष्यभर पाहिलं होतं. उगवण्याबद्दल गुन्हा असतो, ही माहिती त्यांना नवीन होती.

“म्हणजे बोगस असतं तं बरं झालं असतं?” त्यांनी विचारलं.

“तुमच्यासाठी बरं झालं असतं.”

“लहान हाय अजून. फूल बी नाही आलं.”

“फूल येईपर्यंत माही नोकरी राहीन काय?” हवालदार म्हणाले. मग आवाज खाली आणून: “मी खाली चहा पितो. वहिनी, साखर कमी. चहा झाल्यावर मी पुन्हा वर येईन, अन् मले इथं तूर दिसली पाह्यजे.”

ते खाली गेले. काकाजी डब्यांसमोर उभे राहिले. पहिलं शील एका बाजूला, पाचवं दुसऱ्या बाजूला, आणि खाली पासपोर्टचा कागद चहा पीत बसलेला. काकू गॅसवर आधण ठेवून पुन्हा जिना चढल्या, गुडघ्यांसकट.

“नातवंड पाहाचं हाय का झाड?” त्यांनी विचारलं.

काकाजी खाली बसले आणि एकेक रोप काढू लागले. उपटलं नाही, डबा आडवा करून, माती सैल करून, मूळ न तोडता काढलं. दुसरीकडे लावायला काढतात तसं. शेवटचं काढल्यावर म्हणाले, “जाळून टाकू?”

जिन्यातून हवालदारांचा आवाज आला, कपबशीसह. “जाळू नोका काकाजी! सारा मोहल्ला गोळा होईन!”

रोपं कढत पाण्यात घालून पेरूच्या आळ्यात खोल पुरली. पाकिटातलं उरलेलं बी काकूंनी तव्यावर भाजलं आणि काकाजींना कोशिंबिरीवर घालून महिनाभर खाऊ घातलं. कोलेस्टेरॉल उतरलं, असं पुण्याला कळवण्यात आलं. पडताळणीचा शेरा चांगला गेला. जाताना हवालदारांनी खिशातून पुडी काढली होती. मूठभर सोयाबीन. “भावाचं हाय,” ते म्हणाले, आणि नाव सांगू लागले तसा काकाजींचा हात वर झाला. पण अर्ध्यावरच थांबला. “सांगा,” ते म्हणाले. “आता आधी सांगत जा.”

व्हिसा आला आणि ते दोघं निघाले. बॅगेत बी नव्हतं. तिकडे मनाई आहे, हे सुजाताने दहादा बजावलं होतं. स्टेशनवर काकाजींच्या खांद्यावरचा दुपट्टा मी पहिल्यांदा कोरडा पाहिला. तो कोरडा असताना ते म्हातारे दिसत होते.

ते पोहोचले त्याच आठवड्यात सुजाता बाळंत झाली, वेळेच्या खूप आधी. मुलगी तळहाताएवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. काकूंचे फोन रडण्याने तुटत. काकाजींचे फोन पेटीच्या वर्णनाचे असत. आत ऊब किती ठेवतात, दमटपणा किती, तो कमी झाला तर कोणती शिट्टी वाजते. “बुडवत नाही, कोयडं बी ठेवत नाही,” ते म्हणाले. “बराबर पिळलेला दुपट्टा हाय हा.” नर्सांनी सांगितलं होतं, सारखी झाकणं उघडायची नाहीत. हा नियम त्यांनी या वेळी स्वतः पाळला. काचेबाहेर खुर्ची टाकून ते दिवसच्या दिवस नुसते बसत.

पेटीवरच्या पट्टीवर आईचं नाव आणि ‘मुलगी’ एवढंच लिहिलेलं होतं. तिथल्या लोकांना नाव हवं होतं. सुजाताने दोन-तीन सुचवली. काकाजींनी हात वर केला. एवढ्यात नको, ते म्हणाले. नाव ऐकलं की माणूस लाड करायला लागतो. काकूंनी मला हे सांगितलं आणि म्हणाल्या, “त्याले भेव वाटून रायलं रे. तो तसं म्हणत नाही.”

त्यानंतर बरेच दिवस फोन आला नाही. मीही केला नाही. मागच्या खोलीतून गच्चीवर जाऊन डब्यांना पाणी घालत राहिलो, वरून नाही, कडेकडेने, त्यांनी शिकवलं होतं तसं.

एका सकाळी मी ऑफिसला निघत असताना फोन वाजला. पलीकडे आधी लहान मुलाचं रडणं ऐकू आलं. खणखणीत, रागावलेलं, पेटीबाहेरचं. मग काकाजी.

“आयकलं?” ते म्हणाले. “हं. आता इचार नाव.”