भरलेलं गोदाम घुमत नाही

बायकोवरचा एक राग मी तीन वर्षं मनात धरून ठेवला होता. लातुरात नवं घर बांधलं आणि ती त्या घराच्या हॉलमध्ये बसेना, एवढंच कारण.

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पाठीवर पोती वाहून मी सुरुवात केली. मग मापाडी झालो, मग स्वतः तूर घ्यायला लागलो. घरातल्या बाकी खोल्या इंजिनिअरनं आखल्या, पण हॉल माझ्या पसंतीचा. खाली पांढरा संगमरवर, तीन भिंतींना छतापर्यंत चकचकीत टाइल्स, रस्त्याच्या बाजूला अख्खी काच. सामान म्हणजे एक लाकडी सोफा, दोन खुर्च्या आणि काचेचा टीपॉय. मला अडगळीचा तिटकारा आहे. पत्र्याच्या एका खोलीत आठ जणांत मी वाढलो. मोकळी जागा दिसली की मला बरं वाटतं.

वास्तुशांतीला चाकूरहून मेहुणा आला. दारातच थांबून म्हणाला, "दाजी, घर बांधलं का बँक? टोकन कुठं घ्यायचं?"

सगळे हसले. बायकोही हसली. मेहुण्याचं मी सोडून दिलं असतं, तिचं हसणं सोडलं नाही.

त्यानंतर ती स्वयंपाकघरामागच्या लहान खोलीत बसायला लागली. तिच्या आईनं जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या वाकळी तिथं रचलेल्या होत्या. पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून मीच त्या तिथं टाकायला लावल्या होत्या. त्या ढिगाला टेकून ती मोबाइलवर प्रवचनं ऐकायची. तिला ऐकू कमी येतं, दोन्ही कानांत मशीन आहे. मी हॉलमधून हाक मारली तर ओ नाही. हॉलमध्ये बोलावून काही सांगायला लागलो तर "अं? काय?" करायची आणि दोन मिनिटांत उठून जायची. पण मागच्या खोलीत फोनवर माहेरचं सगळं तिला नीट ऐकू यायचं. मी काय समजायचं? हिला ऐकू येतं, फक्त माझं ऐकायचं नाही, असंच मी समजलो.

जुन्या घरी असं नव्हतं. दोन खोल्यांत एकच रेडिओ होता आणि त्याच्यापुढं आम्ही दोघं. प्रवचन चालू असताना ती मध्येच टोमणा मारायची, "ह्या म्हाराजाला घरी कुणी बोलू देत नसंल, म्हणून इथं एवढं बोलून राहिलाय." तसं बसणं मला नव्या घरात पाहिजे होतं. भांडून मिळेना, तेव्हा विकत आणायचं ठरवलं. म्हणून स्पीकर.

नांदेडला जुन्या मोंढ्यामागच्या गल्लीत एक म्हातारे कारागीर आहेत. रेडिओ दुरुस्त करतात आणि लाकडी पेट्यांचे स्पीकर स्वतः बनवतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. दुकान म्हणजे एक बोळ, त्यात जुन्या रेडिओंची चळत, पुठ्ठ्याची खोकी, कापडाचे तुकडे, फाटकी गादी. दोन माणसं बसली की तिसऱ्यानं दारात उभं राहायचं. चाचांनी एका तयार जोडीवर माझ्या मोबाइलवरचं प्रवचन लावलं आणि महाराज समोरच्या स्टुलावर येऊन बसले असं वाटलं. श्वास घेतलेला ऐकू येत होता.

तोंडावर मी काही दिसू दिलं नाही. लाकडात खोट काढली, जाळीच्या कापडाला नावं ठेवली, दोनदा उठून दारापर्यंत गेलो. चाचा वायर सोलत बसले होते, मान वर केली नाही. तेव्हा मी दुसरीकडून धरलं.

"ह्यात काय काय आलं?"

"दोन पेट्या, वायर, अन् घरी येऊन बसवून देणं."

"बसवणं काढा. त्याचं कमी करा. दोन पेट्या ठेवायला काय पदवी लागती?"

"अप्पा, पेट्या ठेवणं येगळं अन् बसवणं येगळं."

"काढा म्हणतो ना."

"काढलं," चाचा म्हणाले.

उचलण्याआधी मी दोन्ही पेट्या पालथ्या करून बुडाला खिळ्यानं खूण केली. नमुना एक दाखवायचा आणि माल दुसरा भरायचा, हे मोंढ्यात पुष्कळ पाहिलंय.

घरी दोन्ही पेट्या हॉलच्या दोन कोपऱ्यांत भिंतीला चिकटवून ठेवल्या. शोभत होत्या. बायकोला बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि प्रवचन लावलं. महाराज विहिरीच्या तळातून बोलायला लागले. एक शब्द संपायच्या आत दुसरा त्याच्यावर येऊन पडत होता आणि खालून सगळं गुरगुरत होतं. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. तिनं एका कानातलं मशीन काढून मुठीत धरलं. थोडा वेळ बसली. मग "चांगलं हाय," म्हणाली आणि मागच्या खोलीत गेली.

शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. त्या "चांगलं हाय"नं मी पेटलो.

दुसऱ्या दिवशी पेट्या गाडीत घातल्या आणि सरळ नांदेड. गल्लीच्या तोंडापासूनच माझा आवाज सुरू झाला. फसवणूक, नमुना, इमानदारी, तोंडाला येईल ते. शेजारचे दुकानदार बाहेर आले. चाचांनी पेट्या आत घेतल्या, वायर जोडली, तेच प्रवचन लावलं. महाराज पुन्हा स्टुलावर येऊन बसले.

"बदलल्या! आत्ताच बदलल्या!"

"तुमच्या डोळ्यापुढं, अप्पा?"

त्यांनी एक पेटी पालथी केली. बुडाला माझीच खिळ्याची खूण. शेजारचा कुणीतरी हसला. भर बाजारात मी कुणाला हार गेलो नाही, त्या दिवशी माझ्याच खुणेला गेलो.

"बसा," चाचा म्हणाले. चहा आला. "घरात काय काय हाय, सांगा."

मी सांगितलं. संगमरवर, टाइल्स, काच.

"पडदे?"

"न्हाई."

"सतरंजी? गादी? लोड-तक्के?"

"न्हाई म्हणतो ना. अडगळ काहीच न्हाई."

"मग आवाजानं बसावं कुठं?" चाचांनी विचारलं. "माणूस आला तर खुर्ची देता. आवाज आला की इकडून हाकलता, तिकडून हाकलता. तो फिरून फिरून परत तुमच्याच अंगावर येतो."

मग त्यांनी विचारलं, "घेतले कुणासाठी?"

सांगायचं ठरवलं नव्हतं, पण सांगितलं. मागची खोली, वाकळी, हाकेला ओ न देणं, सगळं. चहा तसाच राहिला.

"भाभीच्या कानात मशीन हाय म्हणता?"

"दोन्ही."

"मग मला यावंच लागंल."

"बसवणं तर मी काढलं होतं," मी म्हणालो. स्वतःच्या तोट्याचं आपणहून बोलायची मला सवय नाही.

"मला ठावं हाय. जेवू घाला."

"जाण्यायेण्याचं भाडं देतो."

"ते तर घेणारच. मी काय फकीर हाय का?"

दोन दिवसांनी चाचा आले. पाणी प्याले, हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि एक टाळी वाजवली. टाळी भिंतीभिंतींवरून टणटणत फिरली आणि मग कुठं विरली.

तो आवाज मी तीस वर्षं ओळखतो. तूर घ्यायला गेलं की विकणारा गोदामाचं दार अर्धंच उघडतो. पुढची चार पोती दाखवतो आणि म्हणतो, माल थोडाच हाय, भाव चढा लागंल. अशा वेळी मी आत तोंड करून हमालाला मोठ्यानं हाक मारतो. हाक घुमली तर मागं खरंच रिकामं आहे. हाक तिथल्या तिथं मेली तर मागं छतापर्यंत थप्पी आहे आणि त्याला विकायची घाई आहे. भरलेलं गोदाम घुमत नाही. माझी सगळी कमाई ह्या कानावर झाली. आणि तीन वर्षं स्वतःच्या हॉलमधून हाका मारत होतो, त्या घुमत होत्या, ते मला ऐकू आलं नाही.

टाळी ऐकून बायको दारात आली. चाचांनी तिला विचारलं, "भाभी, ह्या खोलीत अप्पांचं बोलणं कसं ऐकू येतं?"

तिनं आधी माझ्याकडं पाहिलं. "तोंड हालतंय एवढं दिसतं. शब्दावर शब्द पडतात. मशीन घातलं तर नुसता कालवा."

"मग सांगायचं न्हाई का मला?" मी ओरडलो. ते ओरडणंही भिंतीवर जाऊन परत आलं.

"सांगितलं की. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही म्हणालात, भावानं शिकवलं का? माझ्या घराला नावं ठेवू नको."

मला आठवेना. मेहुण्याची टोकनची थट्टा अक्षर न् अक्षर आठवत होती, हे आठवत नव्हतं. पण ती खोटं बोलत नव्हती. "भावानं शिकवलं का" हे माझंच बोलणं आहे, ते कुणाला बनवता येणार नाही.

चाचा कामाला लागले. पेट्या कोपऱ्यातून ओढून भिंतीपासून दोन हात पुढं आणल्या. कोपऱ्यात पेटी ठेवली की गुरगुरते, म्हणाले. बसलेल्या बायकोच्या कानाची उंची पाहून पेट्यांखाली स्टुलं दिली. पोत्याची सुतळी मागून घेतली आणि एका पेटीपासून दुसरीपर्यंत मोजली. तीच सुतळी प्रत्येक पेटीपासून बायकोच्या खुर्चीपर्यंत ताणली आणि खुर्ची सरकवत तिन्ही अंतरं सारखी केली. गोदामातून तुरीची सहा पोती मागवून तीन-तीन मागच्या कोपऱ्यांत रचायला लावली. संगमरवरावर पोती उतरली तेव्हा बायको म्हणाली, "आता कसं मोंढ्यात आल्यासारखं वाटतंय."

मग चाचांनी आरसा मागितला. तिनं कुंकवाचा आणला. तो त्यांनी माझ्या हातात दिला.

"भिंतीला टेकवून सरकवत जा. भाभी, तुम्ही खुर्चीवरून उठू नका. आरशात पेटी दिसली की सांगा. आवाज तिथंच आपटतो अन् तुमच्याकडं येतो."

मी भिंतीला आरसा लावून सरकायला लागलो.

"अजून," ती म्हणाली. "अजून थोडं. थांबा! गेलात पुढं. तुम्हाला थांबता येतच न्हाई."

चाचांनी तोंड फिरवलं, पण खांदे हलताना मला दिसले.

दोन्ही भिंतींवर जागा सापडल्या. तिथं काहीतरी जाड टांगा, म्हणाले. मी गालिच्याचं बोलत होतो, तोवर ती मागच्या खोलीतून दोन वाकळी घेऊन आली. त्यांतली एक तिच्या आईची शेवटची, हिरव्या काठाची. टाइलला भोक पाडायचं म्हटल्यावर माझ्या जिवावर आलं.

"फुटंल ना टाइल."

"फुटू द्या," ती म्हणाली.

फुटली नाही. सगळं झाल्यावर चाचांनी पुन्हा टाळी वाजवली. जुन्या सोफ्यावर उशी पडावी तसा आवाज झाला आणि संपला. मग प्रवचन लावलं. ती खुर्चीवर बसली. मी उभाच होतो. तिचा एक हात कानाकडं गेला, मला वाटलं मशीन काढणार. तिनं केस मागं सारले. बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हाराजाचा पुढचा दात पडलाय वाटतं. 'स' म्हणताना शिट्टी वाजायलीय."

चाचांनी जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या. भाडं घेतलं. बसवण्याचं द्यायला लागलो तर म्हणाले, ते तर तुम्ही काढलं होतं. मी जबरदस्ती केली नाही. त्यांनी ते मनापासून म्हटलं की मला लावून म्हटलं, हे अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या महिन्यात मेहुणा आला. कोपऱ्यातली पोती पाहिली, भिंतीवरच्या वाकळी पाहिल्या आणि म्हणाला, "काय दाजी, बँक बुडाली वाटतं?" तो पाणी प्यायला आत गेला तेव्हा मी त्याच्याबद्दल एक शब्द पुटपुटलो. ओठसुद्धा नीट हलले नव्हते.

"माझ्या भावाला काय म्हणालात?" पलीकडच्या खुर्चीवरून बायको म्हणाली.

"काही न्हाई."

"ऐकलं मी," ती म्हणाली, आणि तिथंच बसून राहिली.