गैरहजर धरलेली टेस्ट

दसऱ्याची दुपार. खासगी बाजार या जुन्या मराठी पेठेतल्या घरी, वरच्या खोलीत हेमांगी लॅपटॉपसमोर बसली होती. पडद्यावर सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास होत्या. आठवडाभर हिरव्याच. एकही तण नसलेलं शेत पाहून माणूस जसा बांधावरच थबकतो, तशी ती थबकली होती.

तिचं काम कंपायलर तपासण्याचं. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम चिपला कळेल असा करून देणारं ते अवजार. प्रोग्रॅममध्ये मदतनीस तुकड्यांची काही नावं अशी लिहिता येतात, की तो तुकडा असला तर बोलवा, नसला तर त्याच्याविना पुढे चला. काही चिपांवर ही सोयच नसते. तिथे नाव सापडलं नाही की प्रोग्रॅमची जोडणीच अडते, टेस्ट लाल होते. त्यात दोष कुणाचाच नसतो. अशा टेस्टवर ‘इथे वगळा’ अशी खूण करायची, एवढंच.

हेमांगीच्या हातातल्या कामाची चिप तसलीच होती, आणि ती सलाईनचे थेंब सोडणाऱ्या पंपात बसणार होती. लाल टेस्टचा अख्खा गठ्ठा हेमांगीनं एकाच खुणेनं वगळला होता. तिचे वरिष्ठ गुरुप्रसाद म्हणाले होते, “शाबास! अब त्योहार मनाओ.” आणि कंपायलर पंपवाल्यांकडे गेला होता.

खाली शस्त्रपूजा आटोपली होती. तिचे वडील महिपतराव तलवारीपुढे बसून घरातल्यांची नावं पुकारत होते. हजर असेल त्यानं उठून विडा घ्यायचा. उत्तर आलं नाही, तर विडा बाजूला ठेवून पुढचं नाव. पूर्वजांच्या पलटणीतल्या हजेरीची ही सवय घरात टिकून होती. यंदा प्रथमच ते लेकीचंही नाव पुकारणार होते.

“रघुनाथराव!”

शांतता. ते परगावी होते. विडा बाजूला.

“अभिराम!”

शांतता. विडा बाजूला.

“अरे काका, मी इथंच बसलोय ना!” अभिराम ओरडला. “जरा मोबाइल देख रहा था.”

“मग तोंडात गुळणी धरली होती का? मला वाटलं, आलाच नाहीस.”

खाली हसू फुटलं. वर हेमांगीच्या कानावर ते पडलं. गप्प बसलेले सगळे गैरहजर, तसं लाल झालेल्या सगळ्या टेस्ट बिनदोष, असं तिनंही धरलं होतं.

तिनं गठ्ठा उघडला आणि एकेक टेस्ट वाचू लागली. बहुतेकींत ‘असला तर बोलवा’ असं नाव होतं. एकीत नव्हतं. ती वेळ मोजण्याची टेस्ट. गठ्ठ्यात त्यांच्या शेजारी बसली म्हणून वगळली गेलेली. हेमांगीनं खूण काढून ती चालवली. लाल. पुन्हा चालवली. लाल. या कंपायलरमुळे चिपवरचं घड्याळ पुढे धावत होतं. थेंब ठरल्यापेक्षा लवकर पडणार होते.

तिनं फोन लावला.

“सर, तो कंपायलर थांबवा. एक टेस्ट खरोखरच फेल आहे. माझ्याकडून सुटली.”

“थांबवतो. आत्ता कळवतो.” गुरुप्रसाद अडखळले. “पण एक पंप सकाळीच रुग्णालयात गेलाय, हेमांगी.”

“नुसता दाखवायला ना?”

पलीकडे कळफलकाची खडखड सुरू झाली.

“सर, तो लावलाय का कुणाला?”

“विचारतो,” ते हळूच म्हणाले. “फोन ठेवू नकोस.”

खालून हाक आली, “हेमांगी!”

फोन कानाशी घट्ट धरून ती बसून राहिली. महिपतराव थोडे थांबले. मग ताटात विडा बाजूला ठेवल्याचा आवाज झाला, आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं.