दोन सायकलींची एक सायकल

माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत काहीतरी बिघडलं आहे, हे आम्हाला पहिल्यांदा सायकलमुळे कळलं. तेव्हा आम्ही वरठीला राहत होतो. हे तिथल्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला होते. बरोबरीचे बहुतेक जण मोटारसायकलवर यायला लागले तरी यांनी सायकल सोडली नव्हती. एका दिवशी पाळी संपवून आले तेव्हा कोपर सोललेलं होतं. "बाजूनं बैलगाडी येऊन राहिली होती, मले दिसलीच नाही," म्हणाले. त्यानंतर काही दिवसांनी एका दूधवाल्याला धडकले. मग रेल्वे फाटकाजवळच्या खांबाला. खांब काही बाजूनं चालत येत नाही. तेव्हा मी त्यांना भंडाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि शांतपणे सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही. उरलेली जपायची, थेंब चुकवायचे नाहीत. थेंब आम्ही कधीच चुकवले नाहीत. तरी नजर कडेकडेनं आत येत गेली. हे म्हणायचे, पाइपातून पाहिल्यासारखं दिसतं. मग तो पाइपही बारीक झाला. कारखान्यात आधी हलकं काम दिलं, नंतर तेही जमेना. शेवटी आम्ही वरठीची खोली सोडून सानगडीजवळच्या आमच्या गावी परत आलो.

गावात मी ब्लाऊज शिवायला लागले. हे सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसून असायचे. सायकल भिंतीला टेकवलेली होती. ती कुणी चालवत नव्हतं, तरी हे तिला दर काही दिवसांनी खोलायचे. चाक काढायचे, आसातले छर्रे स्टीलच्या वाटीत घ्यायचे, रॉकेलमध्ये धुवून ग्रीस लावून परत बसवायचे. सगळं हातानं चाचपून. मशीनवर बसून मला वाटीतल्या छर्‍यांचा आवाज यायचा. जी सायकल कुठेच जात नाही तिला इतकं ग्रीस कशाला, हे मी कोणत्या तोंडानं म्हणणार होते?

घराबाहेर जायचं तर कुणाचा तरी हात धरावा लागायचा, आणि ते यांना नको असायचं. एकोडीला यांची मोठी बहीण दिलेली. आईच्या माघारी तिनंच यांना वाढवलं होतं. तिला भेटायला म्हणून तिच्या मुलानं एकदा यांना मोटारसायकलवर मागे बसवलं. साकोली येण्याआधीच हे खाली उतरले. समोर काय येतंय ते दिसत नाही, वळण कधी येणार ते कळत नाही, आणि गाडी पळतेय. घामानं सदरा भिजला होता. भाचा गाडी हळूहळू ढकलत, हे त्याच्या बाजूनं चालत, असे दोघं परत आले. त्यानंतर एकोडीचं नाव निघालं की हे म्हणायचे, "पाहू पुढे."

आमची मुलगी नागपूरला नोकरी करते. सुटीत आली तेव्हा तिनं मोबाइलवर मला एक व्हिडिओ दाखवला. एकच लांब सायकल, तिच्यावर दोन सीटा, दोन हँडल, पायडलच्या दोन जोड्या. पुढचा माणूस चालवत होता, मागचा नुसता पाय मारत होता. मुलगी सहज बोलून गेली, "मागच्याले दिसत नसलं तरी चालते." आणि तिनं घाईनं मोबाइल उलटा ठेवला.

हे सपरीतून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "मागच्याच्या हातात ब्रेक असते का?"

"नाही बाबा. ब्रेक पुढेच. मागचं हँडल नुसतं धरायसाठी."

हे उठले आणि भिंत चाचपत आत गेले. जेवायलाही बाहेर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता मला म्हणाले, "मागचा भाग माझ्या सायकलचा लावा लागते. तिचे सारे छर्रे मी नवीन टाकले आहे."

साकोलीत एक वेल्डिंगवाला आहे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. मुलीनं त्याला व्हिडिओ दाखवला. त्यानं तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि म्हणाला, जमेल, पण दोन सायकली कापाव्या लागतील. पुढचा भाग मी बाजाराला जायची त्या माझ्या लेडीज सायकलचा, मागचा यांच्या सायकलचा, आणि मधे खालून एक जाड पाइप, म्हणजे वजनानं फ्रेम वाकणार नाही. पुढच्या पायडलपासून मागच्या पायडलपर्यंत वेगळी चेन.

कापायच्या दिवशी हे मुद्दाम बरोबर आले. सायकलच्या सीटवर हात ठेवून उभे होते. वेल्डिंगवाला म्हणाला, "काका, बाजूले व्हा, ठिणग्या उडतीन." तरी हे थोडा वेळ हलले नाहीत. मी दंडाला धरून मागे घेतलं. ग्राइंडर लोखंडाला लागला तेव्हा यांनी मान खाली घातली. याच सायकलवर ते इतकी वर्षं पाळीला गेले होते. आमच्या मुलीला पुढच्या दांड्यावर बसवून यांनी वरठीचा बाजार दाखवला होता, तोही याच सायकलवर.

तयार झाली तेव्हा ती चांगलीच लांब आणि जड दिसत होती. पहिले काही दिवस आम्ही शाळेच्या मैदानात पडलो. दोन्ही पायडल एकाच चेननं बांधलेली असल्यामुळे मी पाय थांबवला की यांचे पायही अडकायचे, आणि यांना ते आधी कळायचं नाही. मी वळले की हे दुसऱ्या बाजूला झुकायचे. माणसं बघायला जमायची. हे म्हणाले, "तू बोल ना! मले कसं समजणार?" मग मी बोलायला लागले. "गड्डा." "थांबवा." "डावीकडे वळतो." "बैल उभा आहे, घंटी वाजवते." आयुष्यभर यांनी सांगायचं आणि मी ऐकायचं, असं आमचं चालत आलेलं. आता उलटं झालं, आणि ते दोघांनाही अवघड गेलं. पण हळूहळू यांचं अंग सैल झालं. एक दिवस सानगडीच्या बाजारापर्यंत गेलो. मी दोरा, बटणं घेतली. हे सायकलजवळ उभे राहून ओळखीच्या लोकांशी बोलले. त्या दिवशी यांना कुणाचा हात धरावा लागला नाही.

मग तलावाच्या पारीवरचा प्रसंग झाला. आमच्या गावच्या तलावाची पार, म्हणजे मातीचा बांध, उंच आहे आणि तिच्यावरून खाली शेतांकडे उतार आहे. उतरताना मी दोन्ही ब्रेक दाबले, पण सायकल थांबेना. रबराचे गुटके रिमला घासत होते, जळका वास येत होता आणि वेग वाढतच होता. मी ओरडले, "ब्रेक लागून नाही राहिला!" समोर वळण होतं. मी सायकल सरळ बांधीत घातली, धानाच्या चिखलात. मला फारसं लागलं नाही. यांचं मनगट मोडलं.

घरी आल्यावर मी सांगून टाकलं की आता ही सायकल मी चालवणार नाही. पण प्लास्टर असेपर्यंत हे मुलीशी रोज फोनवर बोलत होते. ती मोबाइलवर शोधून वाचून दाखवायची, हे ऐकायचे. एक दिवस मला जवळ बसवून म्हणाले, "हे पाह्य. तू ब्रेक बरोबर लावले होते. पण ते गुटके एका माणसाच्या वजनासाठी आहे. दोघांचं वजन त्याइले नाही धरत. आता नव्या सायकलले चाकाच्या मधात लोखंडाची चकती असते, तिले पकडते. डिस्क ब्रेक. तो पाण्यातही धरते."

"आणि मनगट?"

"मनगट जुडते."

तसा ब्रेक बसवायला पुढचं चाक धरणारा चिमटाच बदलावा लागला. वेल्डिंगवाल्यानं एका मोडलेल्या गिअरच्या सायकलचा चिमटा शोधून आणला. पारीवरून मी पहिल्या दिवशी सायकल हातात धरून उतरवली, दुसऱ्या दिवशी एकटी बसून, आणि मग कितीतरी दिवसांनी यांना घेऊन. ब्रेकनं धरलं.

पुढच्या उन्हाळ्यात माझं रक्त कमी झालं. उलट्या वाऱ्यात दम लागायचा. मुलीनं नागपूरहून मोटारीचा संच पाठवला. मागच्या चाकाच्या मधातच मोटार, कॅरिअरखाली बॅटरी, आणि घरच्या प्लगवर चार्ज करायचं. पहिल्यांदा बसवली तेव्हा मोटारीच्या जोरानं चाकाचा आसच फिरला आणि वायरी पिळून तुटल्या. मग वेल्डिंगवाल्यानं आस धरून ठेवायला एक पट्टी जोडली आणि ते दुखणं संपलं.

दुसरं दुखणं मला उशिरा कळलं. मोटार माझ्या उजव्या मुठीत होती. मूठ पिळली की सायकल आपोआप जायची. मला आनंद झाला. पण हे मागे नुसते बसून असायचे. बाजारात यायला कारणं सांगायला लागले. शेवटी मी विचारलं, "काहून येत नाही जी? काय झालं?"

"कायले येऊ?" हे म्हणाले. "आधी माझे पाय लागत होते. आता मी धानाचं पोतं आहे. बांधून ने."

मला राग आला आणि वाईटही वाटलं. मी मुलीला फोन केला. तिनं सांगितलं की पिळायची मूठ काढून टाकता येते. मग मोटार पायडल मारलं तरच चालते, आणि किती जोर द्यायचा त्याची बटणं हँडलवर कुठेही लावता येतात. आम्ही मूठ काढली. बटणं मागच्या हँडलवर, यांच्या अंगठ्याखाली आणली. माझ्या ब्रेकला एक वायर जोडली, ब्रेक दाबला की मोटार बंद. आता थांबवायचं काम माझं आणि जोराचं काम यांचं. चढ आलेला मला डोळ्यांनी दिसायच्या आधी यांना पायांना कळायचा. मागून बटणाचा टिक आवाज यायचा आणि सायकल हलकी व्हायची.

मागच्या हिवाळ्यात एकोडीहून भाच्याचा फोन आला. आईनं खाणं सोडलंय, मामांना घ्यायला गाडी घेऊन येतो, म्हणाला. यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "तू तिच्याजवळ बस. आम्ही येतो."

"बस पाहावं का?" मी विचारलं.

"बॅटरी भरली आहे ना?"

रात्रभर लावून ठेवलेली होती. आम्ही चहा घेऊन निघालो. धान कापून झालेलं, बांध्या रिकाम्या, थंडी होती. मी फक्त रस्ता सांगत होते. साकोलीला मोठा हायवे ओलांडायचा होता. ट्रक एकामागून एक जात होते. मी खाली उतरले, "तुम्हीही उतरा," म्हटलं, आणि दोघांनी सायकल दोन्ही बाजूंनी धरून रस्ता ओलांडला. मधे यांचा हात सापडेना म्हणून मी घाबरले. तो सीटवर होता. पलीकडे गेल्यावर मी रस्त्याच्या कडेला बसले आणि पाणी प्याले. हे म्हणाले, "चाल. उशीर नको व्हायले."

एकोडीला पोचलो तेव्हा बाई, म्हणजे यांची बहीण, खाटेवर होत्या, अंगणातच, उन्हात. हे चाचपत खाटेजवळ बसले. त्यांनी तिच्या कपाळावर, गालांवर हात फिरवला. गाल आत गेले होते. हाताला ते कळलं असणार.

बाईंनी डोळे उघडले. "बाबू, कोणी आणलं तुले?"

"सायकलनं आलो, बाई."

"खोटं नोको बोलू गा. तुले दिसत नाही."

"ही पुढे बसते, मी मागं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सायकल आणून खाटेला लागून उभी केली. बाईंनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग म्हणाल्या, "फिरवून दाखवा."

त्या अंगणात जागा थोडीच होती. तरी आम्ही बसलो आणि खाटेभोवती, चुलीच्या कडेनं, पेरूच्या झाडाला वळसा घालून एक चक्कर मारली. हे मागे ताठ बसले होते. थांबल्यावर बाई म्हणाल्या, "हळू चालवजो, माय." ते मला होतं. मग यांना म्हणाल्या, "आता मले तुझी फिकीर नाही." आणि डोळे मिटून घेतले. झोपल्या होत्या फक्त. पण दोन दिवसांनी, आम्ही तिथेच असताना, त्या गेल्या. बुद्धविहारातल्या बायका आल्या, त्रिशरण झालं. यांनी खांदा दिला. भाच्यानं पुढून यांचा हात धरला होता, आणि या वेळी यांनी तो सोडवून घेतला नाही.

परत निघालो त्या दिवशी बॅटरी पूर्ण भरलेली नव्हती. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. साकोलीच्या पुढे मोटार बंद पडली. सायकल एकदम जड झाली. मी दम खात पाय मारत होते. मागे वळून पाहता येत नव्हतं, रस्त्यात गड्डे होते. पायडलवरचा मागचा जोर अचानक गेला, माझ्या पायांना ते कळलं. नाक ओढल्याचा आवाज आला. मी "थांबू का?" विचारलं. मागून पुन्हा तोच आवाज आला. मी तशीच चालवत राहिले, एकटीच्या जोरावर, जेवढं जमेल तेवढं.

बऱ्याच वेळानं यांचे पाय पुन्हा लागले आणि पायडल हलकं झालं. हे मागून म्हणाले, "चाल, गाव आलं असेल."

"अजून नाही जी. पुढं चढ आहे."

"माहीत आहे," म्हणाले, आणि आम्ही चढ चढलो.