नखाला लागणारी पायरी

आमचे काका इंजिनाशी अहो-जाहो करतात आणि गिऱ्हाइकाशी अरे-तुरे. "या साहेब, हळूच बाहेर या," असं लाडीगोडीनं म्हणत पिस्टन काढतील, आणि शाळेच्या बसचा ड्रायव्हर मागून डोकावला की, "ए, उजेड सोड!" ड्रायव्हरचा आवाज म्हणजे दाबून धरलेला हॉर्न. "उस्ताऽऽद, सोमवारी शाळा आहेऽऽ!"

पिस्टन निघाले की काका सिलिंडरच्या वरच्या कडेला आतून नख फिरवतात. पिस्टनवरच्या रिंगा घासून घासून सिलिंडरची भिंत झिजते, पण जिथवर रिंग पोचत नाही तिथे बारीकशी पायरी उरते. नख अडलं तर ब्लॉक लेथवर बोरिंगला, म्हणजे सिलिंडर आतून कापून एकसारखे करायला. नाही अडलं तर नुसत्या नव्या रिंगा. पायरी राहू दिली तर नवी रिंग तिच्यावर आपटून मोडते.

यंदाच्या आजारपणात काकांची बोटं बधिर झाली. शर्टाचं बटण लागलं की नाही, हे त्यांना वाकून बघावं लागतं. घरात कोणी तो विषय काढत नाही, कारण त्यांनीच जाहीर करून टाकलंय, "नख गेलं की गॅरेज बंद."

शाळेच्या बसचे चारही सिलिंडर चाचपून काका म्हणाले, "लोणी! रिंगा टाकू."

"जियो उस्ताद!" हॉर्न वाजला.

पुसायचं काम कायम काकूचं. तिसऱ्या सिलिंडरमध्ये तिच्या कापडाचा धागा अडकला. तिनं नख लावून बघितलं. एकदा काकांकडे पाहिलं, एकदा ड्रायव्हरकडे.

"अहो, एकदा रिंग घालून माप घेता का? माझी आपली शंका."

"शंका म्हणे!" पण काकांनी रिंग आत सरकवली, उलट्या पिस्टननं सरळ बसवली आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत, फट मोजायच्या गेजची पाती घातली. खाली पाती घट्ट. वर, पायरीच्या जरा खाली, सैल. चांगलीच सैल, म्हणजे तिथे भिंत झिजलेली. काका पातीकडे बघतच राहिले.

"काय झालं?" ड्रायव्हर.

"उस्तादांना पसंत नाही," काकू पटकन म्हणाली. "बोरिंगला जाणार. मुलांची गाडी आहे ना? मग थांबा."

तो कुरकुरत गेला. काका स्टुलावर बसले.

"तुला आधीच कळलं होतं."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"गेज बोलला ना. मी कशाला मध्ये?"

काकांनी बराच वेळ आपली बोटं न्याहाळली. मग काकूचा हात धरून चौथ्या सिलिंडरच्या कडेला नेऊन टेकवला. "सांग."

"इथे अडतंय. थोडंसंच."

"थोडंसं म्हणजे? नीट सांग, मला लेथवाल्याला सांगायचंय."

"केसाएवढं."

"बरं." त्यांनी खडूनं तिथे फुली मारली. "हे नख कापू नकोस."

"आणि भांडी घासताना तुटलं तर?"

"भांडी मी घासीन."

"तुम्ही?" काकू खुदकन हसली. "फोडाल सगळी!"

"तू बघ ना शेजारी उभी राहून," काका म्हणाले. "निसटायला लागलं की सांग."