लाइव्हवर घेतलेलं नाव

सरांनी माझं नाव घेतलं. नुसतं नाव न्हाई. आबाचं नाव, आडनाव, गाव, तालुका. वर म्हणले, "ही मुलगी कॉम्प्युटरला विचारून चाली खेळते, असा माझा दाट संशय आहे." अन् मोबाइलमधी आमचं पुरं गाव ते ऐकून राहिलं व्हतं.

गाव ऐकत व्हतं, कारण माझ्या बापानं, आबानंच, सगळ्यायला सांगितलं व्हतं. पोरगी जिल्ह्याच्या ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धेत जिंकली, आज हिंगोलीचे क्लासवाले सर लाइव्ह येऊन निकाल सांगणार, बघा सगळे. आबाला काय ठावं, निकाल असा लागन म्हणून.

सरांनी माझा खेळतानाचा व्हिडिओ लावला. माझ्या डोळ्यांभवती लाल गोल काढला. "बघा मित्रांनो, प्रत्येक चालीआधी डावीकडे बघते. तिकडे काय आहे? दुसरा मोबाइल." मग हसले. "एवढ्याशा खेड्यातून अशा चाली येत नसतात."

खाली लोकं लिहीत व्हते. एकानं लिहिलं, शेळ्या राखणाऱ्यायच्या पोरी आता ग्रँडमास्टर व्हाया लागल्या. त्याला हसणाऱ्या तोंडायची रांग लागली.

डावीकडं शेळ्याच व्हत्या.

आमच्या घरात रेंज येत न्हाई. रेंज माळावर. अन् शेळ्या बी माळावरच. त्या दिवशी आबा बोकड घेऊन पुसेगावच्या बाजारात गेलते, माय दुसऱ्याच्या कापसाला. शेळ्या माझ्याकडं. आमचा मोबाइल खेळायला, अन् चुलतभावाचा मागून आणलेला दगडाला टेकवून कॅमेऱ्यासाठी, खेळताना तोंड दिसावं असा नियमच व्हता. माझ्या डाव्या अंगाला पाटलाचा हरभरा. आमच्यात ढवळी म्हणून एक शेळी हाय, महाबिलंदर. माझी मान खाली गेली की ही हरभऱ्यात. खरी चोर ती! अन् पाटलाच्या हरभऱ्यात शेळी शिरली तर पाटील शेळी हाकलत न्हाई, सगळ्या शेळ्यायची खांडच्या खांड कोंडवाड्यात घालतो. मंग मी काय करावं? चालीचा इचार करायचा, ढवळीकडं बघायचं, चाल खेळायची. शेळ्यायमागं तशीच शिकले मी. हरत हरत शिकले. ती मानच तशी वळते माझी.

मी सरांना फोन करून हे सांगितलं. सर म्हणले, "शेळ्या? अगं, निदान बहाणा तरी बरा शोधायचा."

गावात बाहेर पडायची सोय राहिली न्हाई. गिरणीत दळण घेऊन गेले तर गिरणीवाला म्हणतो, "काय गं, पीठ किती बारीक करू, मोबाइलला इचारून सांगतीस का?" सगळे हसले. मी बी हसले. त्या हसण्याची मला आजून चीड येते. काहून हसले मी? मी काय केलं व्हतं? काहीच न्हाई. तरी लाज मलाच वाटून राहिली व्हती. आबा आठ दिवस पारावर बसले न्हाईत.

मंग सरांचा निरोप आला. रविवारी हिंगोलीला हॉलमधी ये. ज्या पोराला ऑनलाइन हरवलं, त्याच्यासमोर बसून खेळून दाखव. जमलं तर जिल्ह्याच्या टीममधी घेऊ, न्हाई तर नाव कट. ते पोरगं सरांच्याच क्लासचं. बापाचा हिंगोलीत मोठा दवाखाना.

आबा म्हणले, "जाय बाई. खेळून दाव. बंद व्हतील त्यायची तोंडं."

गेले. हॉल भरलेला. पुन्हा लाइव्ह चालू. सरांनी एका मॅडमला खूण केली. मॅडम आल्या, म्हणल्या, "हात वर कर." सगळ्यायसमोर. ओढणी झटकली. कानातले काढाया लावले. कानात बॅटरी मारून बघितलं. मंग माझी वेणी सोडली. मायनं पहाटं तेल लावून घट्ट घातलेली वेणी. तिच्यात बोटं घालून चाचपलं. बाजारात शेळी इकत घेताना बी माणूस सगळ्यायसमोरच चाचपतो, पण निदान तिला लाज तरी नसते. मला व्हती. केस मोकळे घेऊन मी उभी, अन् समोर सगळ्यायचे मोबाइल वर.

ते पोरगं माझ्यासमोर येऊन बसलं. खिशात मोबाइलचा चौकोन साफ दिसत व्हता.

मी म्हणले, "ह्याचं बघा ना."

सर म्हणले, "कोणाचं?"

"ह्याचं. माझं बघितलं तसं."

सर हसले. "बेटा, त्याच्यावर संशय नाही."

"काहून न्हाई?"

"त्याला आम्ही लहानपणापासून ओळखतो."

तवा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतके दिवस मी सोताला इचारत व्हते, माझं काय चुकलं. माझं काहीच चुकलं नव्हतं. माझा बाप त्यायच्या वळखीचा नव्हता, एवढंच. आंगाची आग झाली. मी सरांकडं बघून म्हणले,

"म्हंजे तुमी वळखता तो खरा, अन् न्हाई वळखत तो चोर. व्हय ना सर?"

मी खुर्ची मागं सारली.

सर म्हणले, "खेळली नाहीस तर चोरी कबूल केली असं आम्ही समजू."

"समजा. नाव तुमी घेतलं, पुरावा तुमी द्या. मी खरी हाय हे दाखवायला मी इथं खेळणार न्हाई."

कानातले उचलले अन् बाहेर आले. बाहेर आबा भडकले. "खेळायचं की गं! जिंकली असतीस."

"जिंकले असते तर म्हणले असते, आज नशीब. हरले असते तर चोर. आबा, दोन्हीकून त्यायचंच."

आबा तरातरा येष्टीत जाऊन बसले. टीम माझ्याबिगर गेली. व्हिडिओ आजून तसाच हाय. माझं नाव टाकलं की पयला तोच निघतो. कॉलेजात निघतो. मला बघाया आलेल्या पावण्यायनं बी तो बघितला, अन् चहा पिऊन निघून गेले. माय रडली. मी म्हणले, जाऊ दे. ज्याला त्यो व्हिडिओ पटतो, त्याच्या घरी मला जायचंच न्हाई.

ऑनलाइन चोरी व्हते, मला बी ठावं हाय. मला बी भेटलेत तसे. मी साइटला कळवते अन् गप बसते. चौकात उभं राहून कुणाच्या लेकराचं नाव घेत न्हाई.

मागं सरांचा फोन आला. "व्हिडिओ काढून टाकतो. तू फक्त लिहून दे, माझ्या वागण्यानं गैरसमज झाला."

"माझ्या वागण्यानं?"

"अगं, तेवढंच. तुझ्याच भल्यासाठी."

"राहू द्या व्हिडिओ," म्हणले अन् फोन ठेवला.

आता सर लाइव्ह आले की मी बी तिथं जाते. खाली लिहिते, "पुरावा दाखवा." अन् त्याच्याखाली माझं नाव, आबाचं नाव, आडनाव, गाव, तालुका. सर मला ब्लॉक करतात. मी चुलतभावाच्या मोबाइलवरून जाते. तो ब्लॉक केला की मैत्रिणीच्या. लोकं म्हणतात, किती दिवस करशील?

सर लाइव्हवर पुन्हा माझं नाव घेऊन, चुकलो म्हणतील, त्या दिवसापस्तोर.